आधी वाडीत, मग मुंबईत

पत्र (संक्षिप्त):

“मी चौतिशीतली चित्रकार आहे. मुंबईत कलाशिक्षण झाले, काही वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली आणि नंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला आले. आमच्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या बहुतेक घरांत आता म्हातारी माणसेच आहेत. मुले मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. मी या आजी-आजोबांची त्यांच्याच पडवीत, अंगणात छायाचित्रे काढते, ती मोठ्या आकारात छापून आणते आणि त्यांच्याशी बोलत बोलत त्यांवर शाईने त्यांच्या आठवणी रेखाटते. अशी वीस-बावीस माणसे आहेत. आमच्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, म्हणतात, या बैठकांमुळे माणसे बोलती झाली. आता मुंबईच्या एका कलादालनाला या कामाचे प्रदर्शन भरवायचे आहे. प्रदर्शनाच्या नावात ‘एकाकी’ हा शब्द हवा, असे त्यांचे म्हणणे आहे. एक संस्था निधी द्यायला तयार आहे, पण किती वृद्धांचे मानसिक आरोग्य किती टक्क्यांनी सुधारले, ते तिला दाखवून हवे आहे. घरचे म्हणतात, ही धड चित्रकारी नाही आणि धड समाजसेवाही नाही. आणि मागच्या महिन्यात एक तात्या फोटो काढताना म्हणाले, ‘नीट काढ गो, हार घालायला हाच होईल, पुढच्या शिमग्याला मी नाय.’ मी हसून विषय बदलला आणि तेव्हापासून मला झोप नाही. मी नेमके काय करते आहे आणि ते कसे करावे? सोबत दोन चित्रे पाठवत आहे.”

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तात्यांचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी केला आहे, पण उत्तराची सुरुवात मला तिथूनच करायला हवी. कलादालन आणि निधी देणारी संस्था महिनाभर थांबली तरी काही बिघडत नाही. तात्यांकडे मात्र आज किंवा उद्याच जा.

आपल्या जुन्या घरांत एकट्या माणसाचा मोठा, चौकटीतला फोटो बहुधा ते माणूस गेल्यावरच माजघराच्या भिंतीवर लागतो. त्यामुळे कॅमेरा समोर आला की म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हार येतोच, आणि पुष्कळदा त्यामागे चेष्टेपलीकडे काही नसते. पण तात्यांना तुम्ही ओळखता, त्यांचा स्वर तुम्ही ऐकला आहे आणि तुमची झोप उडाली आहे. जायला तेवढे कारण पुरे. जाताना कॅमेरा घरी ठेवा. दोघेच असताना, इकडचे तिकडचे बोलून झाले की त्यांना सरळ विचारा, “तात्या, त्या दिवशी तुम्ही असं म्हणालात ते माझ्या मनातून जात नाही. जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असं कधी मनात येतं का?” असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. तो गैरसमज आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच स्पष्ट केले आहे. उलट कोणी विचारले म्हणून माणसाला बोलता येते.

ते “हो” म्हणाले, किंवा नुसतेच गप्प राहिले, तर त्यांना एकटे सोडून निघू नका. शेजारच्या घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, मुलाला मुंबईला फोन करा, आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा. आंब्याच्या फवारणीची औषधे आपल्याकडे घराघरांत असतात. ती त्या घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते; तुम्ही त्यांच्याशेजारी बसून फोन लावून दिला तर अधिक बरे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, हेही ध्यानात असू द्या. “कोणाला सांगू नको,” असे ते म्हणाले तर तसे वचन मात्र देऊ नका. “तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, मी एकटी हे सांभाळू शकणार नाही,” असे प्रेमाने, पण स्पष्ट सांगा. आणि ते हसून म्हणाले की “तसं काही नाही, गुडघे गेले, डोळे गेले, म्हणून बोललो,” तरी लगेच उठू नका. गुडघ्यांचे काय, डोळ्यांचे काय, पेन्शन वेळेवर येते का, हे विचारण्यासारखे असतेच, आणि त्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

तुम्ही त्या दिवशी हसून विषय बदललात, याचा अपराध मनाला लावून घेऊ नका. या कामात पुन्हा असा क्षण येईल, आणि तेव्हा कोणाकडे जायचे हे आधी ठरलेले असायला हवे, एवढे मात्र त्यातून घ्या. आशाताई, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि एखादा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक, जो महिन्यातून एकदा फोनवर तुमचे ऐकून घेईल, अशी तीन माणसे बांधून ठेवल्याशिवाय नवी बैठक सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. ऐकणाऱ्यालाही ऐकणारे कोणी लागते.

यातच घरच्यांच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी अनिल अवचट लिहीत, चित्रे काढत, लाकडात कोरत, कागदाच्या घड्यांतून आकृती घडवत, बासरी वाजवत. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे होती, तरी उपचारांची बाजू मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा (अनिता) अवचट यांनी उभी केली. एकाच घरात दोन्ही कामे चालली आणि कोणाचे काम कोणते, हे स्वच्छ राहिले. तुम्हीही चित्रकारच आहात. या कामाला ‘कलोपचार’ (आर्ट थेरपी) म्हणू नका, कारण त्याला स्वतंत्र शिक्षण लागते आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेला सराव लागतो. चित्राच्या निमित्ताने माणसे एकत्र येतात, बोलतात, त्यांना बरे वाटते. एवढे म्हणणे खरे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता चित्रांकडे येतो. पाठवलेली दोन्ही चित्रे मी बराच वेळ पाहिली. पहिल्यात एक आजी जांभ्याच्या जोत्यावर बसल्या आहेत, मागे कौले उतरलेला गोठा आहे आणि त्या रिकाम्या गोठ्यात तुम्ही शाईने दोन बैल आणि एक वासरू उभे केले आहे. बैल सुरेख आहेत, शिंगांचा बाक, गळ्यातली घुंगरे, सगळे जिथल्या तिथे आहे. पण ते कोणत्याही पुस्तकातले बैल असू शकतात. त्याच चित्राच्या उजव्या कोपऱ्यात जोत्याखाली एक वाकडीतिकडी, थरथरत्या हाताची रेघ आहे. ती तपेली असावी, आणि ती तुम्ही काढलेली नाही, हे उघड आहे. आजींनी स्वतः काढली असणार. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या तपेलीवर गेली, कारण बैलांबद्दल त्या बोलल्या असतील, पण तपेली कुठे ठेवत हे त्यांच्या हाताला आठवले. दुसऱ्या चित्रात मात्र अशी एकही परकी रेघ नाही. ते पूर्णपणे तुमचे आहे, देखणे आहे आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा दुबळे आहे.

माझे सांगणे एवढेच आहे की या कामातले चित्र ज्याचे आयुष्य त्यात आहे त्याचे आधी, आणि तुमचे नंतर. कलादालनाचे नाव, संस्थेचे टक्के, पैसे, परवानगी हे तुमचे सगळे प्रश्न याच एका ठिकाणाहून सोडवता येतील.

छायाचित्रावर हाताने काम करणे आपल्याला नवे नाही. १९ व्या शतकापासून हिंदुस्थानातले स्टुडिओचे चित्रकार छायाचित्रांवर रंग चढवत आले, आणि नाथद्वाऱ्याच्या चित्रांत तर श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यात्रेकरूंचे चेहरे छायाचित्रांतून कापून चिकटवलेले असत. त्या कामात गिऱ्हाइकाचा शब्द चाले. शाल हवी की शेला, हे बसणारा सांगे. तुमच्या कामाच्या अधिक जवळचे उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले आहे. गंजाड गावात छायाचित्रकार गौरी गिल आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांनी २०१३ मध्ये एकत्र काम सुरू केले. गिल यांनी वांगड यांना त्यांच्याच गावाच्या परिसरात उभे करून कृष्णधवल छायाचित्रे काढली. पण वांगड यांनी जे सांगितले होते ते त्या छायाचित्रांत कुठे उमटले नव्हते, म्हणून मग वांगड यांनी त्याच छायाचित्रांवर शाईने देव, झाडे, शेते, गावावर ओढवलेले प्रसंग रेखाटले. ते काम जगभर दोघांच्या नावाने दाखवले जाते. नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या याच गंजाडात लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे मंगलचित्र, तांदळाच्या पिठाने सुवासिनी लिहीत आल्या, आणि तिथे चित्र ही एकट्याची मालमत्ता कधीच नव्हती, हेही विसरू नये.

तेव्हा आजींच्या हातात लेखणी अधिक वेळ राहील अशी व्यवस्था करा. माणसे “मला कुठं येतंय चित्र” म्हणून मागे सरतात, त्याचे मोठे कारण म्हणजे छापलेला फोटो बिघडेल ही भीती. छायाचित्रावर बटर पेपर लावून त्यावर आधी काढू द्या. आवडले तर त्यांनी किंवा तुम्ही ते खाली उतरवावे. छायाचित्र नेहमीपेक्षा थोडे फिकट छापून आणा, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या किंवा उतरलेल्या डोळ्यांनाही काळी रेघ वेगळी दिसेल. चकचकीत कागदावर शाई पसरते, तेव्हा मॅट कागदच घ्या, आणि आकार निदान बारा बाय अठरा इंच ठेवा. बारीक निबापेक्षा जाड ब्रशपेन थरथरत्या हाताला सोपे जाते. सकाळच्या उजेडात पडवीत बसा. आणि काही घरांत कॅमेराच त्यांच्या हातात देऊन पाहा. चीनच्या युनान प्रांतात १९९० च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी खेड्यातल्या शेतकरी बायकांना कॅमेरे दिले, रोजच्या जगण्यातले आणि आरोग्याचे जे दाखवावेसे वाटते ते टिपायला सांगितले आणि मग त्यांच्याच तोंडून त्या चित्रांची हकिगत धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडली. हीच पद्धत पुढे जगभर ‘फोटोव्हॉइस’ नावाने रूढ झाली. तुमच्या आजींनी कॅमेरा घेतला तर त्या कदाचित बैलांऐवजी न्हाणीची निसरडी पायरी किंवा बंद पडलेली पंपाची मोटर टिपतील. आणि ती पायरी दुरुस्त करून घेणे हे ग्रामपंचायतीचे किंवा मुलांचे काम ठरेल. सुखस्वास्थ्याचे काम कधी कधी इतके साधे असते.

शक्य तिथे एकेकट्याबरोबर न बसता चार-पाच जणांना एका घरी बोलवा. तुम्ही येता म्हणून बरे वाटणे आणि शेजारची माणसे पुन्हा भेटू लागली म्हणून बरे वाटणे, यांत फार अंतर आहे. तुम्हाला उद्या दुसरीकडे काम मिळाले, आजारपण आले, लग्न झाले, तर पहिले तिथेच संपते. ज्यांना चालवत नाही त्यांच्या पडवीत बाकीच्यांनी जावे. वार ठरवून घ्या आणि तो पाळा. हे काम अमुक महिन्यापर्यंत मी चालवणार आहे, हे सुरुवातीलाच सांगा, कारण न सांगता थांबणे हे त्या घरांना नवे नाही आणि त्यात तुमची भर पडू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पाचवी-सहावीची मुले अधूनमधून आणलीत तर आजीआजोबांना सांगायला नवे कान मिळतील. मुलांना रेघेची भीती नसते, ती पाहून म्हातारी माणसेही धीट होतात.

परवानगीबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, पण मला त्याची काळजी वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता ते टिपणारा, त्यामुळे तुम्ही काढलेली छायाचित्रे कायद्याने तुमची आहेत. पण याच न्यायाने आजींनी टिपलेले छायाचित्र किंवा त्यांनी काढलेली तपेली त्यांची आहे, आणि ती छापायला, विकायला, प्रदर्शनात मांडायला त्यांची लेखी संमती लागते. शिवाय आपला चेहरा आणि आपली हकिगत कुठे जावी, हे सांगण्याचा त्यांचा हक्क कायद्याच्या आधी माणुसकीचा आहे. संमती तीन वेळा, वेगवेगळी घ्या: चित्र घरात ठेवण्यासाठी एक, वाडीत दाखवण्यासाठी दुसरी, गावाबाहेर नेण्यासाठी तिसरी. चित्र पूर्ण झाल्यावर ते समोर ठेवून पुन्हा विचारा, कारण न पाहिलेल्या चित्राला दिलेला होकार अर्धाच असतो. कागद वाचून दाखवा, साक्षीला घरचे कोणी असू द्या, आणि केव्हाही नको म्हटले तर चित्र उतरवले जाईल, हे त्यात लिहा. ज्यांना विसर पडतो त्यांना दोन वेगळ्या दिवशी विचारा. दोन्ही दिवशी उत्तर एकच आले तरच पुढे जा. यांपैकी कोणी मनोरुग्णालयात किंवा तशा संस्थेत उपचार घेत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिचे छायाचित्र किंवा माहिती माध्यमांकडे देता येत नाही. आणि आठवणींत तिसरी माणसेही येतात. सुनेची तक्रार, भावकीतला जमिनीचा वाद, गेलेल्या मुलीची गोष्ट, हे आजी तुमच्यापाशी बोलल्या याचा अर्थ ते भिंतीवर लावायला दिले असा होत नाही. अशा गोष्टी ऐका आणि कागदाबाहेर ठेवा.

आजारी माणसाच्या देहावर आणि प्रतिमेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांनी १९८२ मध्ये स्वतःवरच विचारून घेतला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जाण्याआधी त्यांनी आपल्या स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ असे लिहून छायाचित्र काढवून घेतले. तिथे छायाचित्र होते, त्यावर हाताने उमटवलेली अक्षरे होती आणि आरोग्याचा प्रश्न होता, म्हणजे तुम्ही ज्या तीन गोष्टी एकत्र करता त्याच. त्या वाक्यापुढचे प्रश्नचिन्ह प्रत्येक चित्र बाहेर नेण्याआधी तुम्ही स्वतःला विचारावे, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच कलादालनाने सुचवलेले ‘एकाकी’ हे नाव मी तुमच्या जागी मुळीच स्वीकारणार नाही. आजी जोत्यावर एकट्या बसल्या आहेत, हे खरे. पण त्या मुंबईला मुलाकडे राहून परत आल्या असतील, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीपेक्षा त्यांना आपला माड आणि आपली विहीर बरी वाटली असेल. त्यांचा तो निर्णय एका शब्दाने पुसला जातो. दुसरे असे की हे चित्र पाहायला येणाऱ्यांत त्यांची मुलेही असतील. दादर-परळला नोकरी करून दर महिन्याला गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाला आपल्या आईखाली ‘एकाकी’ असे लिहिलेले भर दालनात वाचावे लागले, तर तो शिमग्याला घरी येऊन आईला काय म्हणेल, याचा विचार त्या दालनाने केलेला नसावा. लाजवल्याने मुले गावी अधिक येत नाहीत. नाव आजीआजोबांनाच विचारा. चित्राखालच्या ओळीही त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत असू द्या. प्रमाण मराठीत सुधारू नका.

प्रदर्शन भरवावे, पण पहिले वाडीत. गौरी-गणपतीत चाकरमानी घरी असतात. गावकऱ्यांशी आणि मंडळाशी बोलून देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात दोन दिवस चित्रे लावा. ज्यांची चित्रे आहेत त्यांना शेजारी खुर्ची द्या आणि सांगण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आईने विहिरीच्या काठचा उंबर काढला आहे, हे पाहून मुलगा “तो उंबर मी लहान असताना पडला ना?” असे विचारतो, आणि मग आई-मुलगा ज्या विषयावर वर्षानुवर्षे बोललेले नसतात त्यावर बोलू लागतात, चित्राचे याहून मोठे काम मी तरी मानत नाही. तिथे कोणाला काही खटकले, तर ते चित्र मुंबईला जाणार नाही. वाडीतून जे पुढे जाईल तेच दालनात जाऊ द्या.

निधी देणाऱ्या संस्थेचे म्हणणे दुष्ट नाही; पैसे देणाऱ्याला काय झाले हे कळायला हवेच. पण वीस-बावीस माणसांच्या टक्केवारीतून काहीच सिद्ध होत नाही. समजा तुम्ही जूनमध्ये प्रश्नावली भरून घेतली आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतली. जूनमध्ये पावसाने वाट बंद, सांधे धरलेले, घरात कोणी नाही. सप्टेंबरमध्ये गणपतीला सगळी मुले-नातवंडे येऊन गेलेली. आकडा वर जाईल आणि त्याचे श्रेय तुमच्या शाईला दिले जाईल. उलट डिसेंबरात मोजलेत तर तुमचे चांगले कामही वाया गेल्यासारखे दिसेल. शिवाय नैराश्याची प्रश्नावली भरून घेणे आणि तिचे उत्तर वाईट आले तर पुढचे पाऊल उचलणे, हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कलेचा आरोग्याला आणि मनःस्वास्थ्याला उपयोग होतो, याला त्यातून भरपूर आधार मिळतो. तो आढावा संस्थेला दाखवा आणि म्हणा की कलेचा उपयोग होतो का, हा प्रश्न मोठ्या अभ्यासांनी हाताळला आहे. आमच्या वाडीत काय घडले, ते मी प्रामाणिकपणे लिहून देईन.

आणि ते खरोखर लिहा. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी वहीत नोंद करा: कोण आले, कोण आले नाही आणि का, कोणाला कोणी घेऊन आले, कोण पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडले, बैठकीखेरीज कोण कोणाकडे गेले, डोळ्यांच्या तपासणीला किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कितीजण आरोग्य केंद्रात पोचले, कोणती चित्रे भिंतीवर लागली आणि कोणती ट्रंकेत गेली. ट्रंकेत गेलेल्या चित्रांची कारणे विशेष आस्थेने विचारा. वर्षाखेरीस दोन-तीन आजीआजोबांनी संस्थेच्या माणसासमोर स्वतः बोलावे. एवढ्यावर संस्थेचे समाधान झाले नाही आणि टक्केच हवे असा आग्रह राहिला, तर तो निधी नाकारा. खोट्या टक्क्यांवर मिळालेला पैसा पुढच्या वर्षी त्याहून मोठे टक्के मागतो, आणि ते गाठण्यासाठी तुम्ही हसऱ्या, बोलक्या माणसांकडेच जाऊ लागाल. तात्यांसारखी माणसे वगळली जातील.

पैशांबद्दल थोडक्यात. पुस्तकांच्या चित्रांचे काम सोडू नका. पोट त्यावर चालू द्या, म्हणजे वाडीतल्या चित्रांवर विक्रीचा ताण येणार नाही. निधी मागताना अंदाजपत्रकात घरी द्यायच्या प्रतींचा, चौकटींचा, चहापाण्याचा आणि रिक्षाचा खर्च वेगळा दाखवा. या गोष्टी नेहमी खिशातून जातात आणि माणूस थकतो. स्वतःचे मानधन लिहायला संकोचू नका. आईवडिलांना हे काम समजावून सांगण्यापेक्षा एका सकाळी बैठकीला घेऊन जा.

कलादालनाला उत्तर लिहाल तेव्हा अटी मोजक्या आणि लेखी असू द्या. प्रदर्शनाचे नाव वाडी ठरवेल. प्रत्येक चित्राखाली दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरांत राहतील. ज्यांना नाव नको असेल त्यांच्यासाठी फक्त वाडीचे नाव, आणि वाडीही ओळखू येऊ नये असे वाटत असेल तर तालुका. मूळ चित्र घरचे राहील, दालनात प्रत जाईल. प्रत विकली गेली तर रकमेतला किती वाटा त्या घराला मिळेल, हे प्रदर्शन उघडण्याआधी ठरेल आणि त्यांना वाचून दाखवले जाईल. कोणी परवानगी मागे घेतली तर चोवीस तासांत चित्र उतरेल, समाजमाध्यमांवरूनही. उद्घाटनाला ज्या आजीआजोबांना यायचे असेल त्यांच्या आणि सोबतीच्या एकेका माणसाच्या रेल्वेच्या आरक्षणाचा, मुक्कामाचा आणि औषधपाण्याचा खर्च दालन करेल. यातली एखादी अट त्यांना जड वाटली तर ती कोणती, ते मला कळवा. कुठे सोडता येईल आणि कुठे नाही, ते आपण मिळून पाहू. पण तात्यांना भेटून आल्यावर काय झाले, ते त्याआधी लिहा.